‘माय लॉर्ड’मधला लॉर्ड मुळात कोण होता?

न्यायमूर्तींना ‘माय लॉर्ड’ म्हणावं का, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उसळी मारतो. २०१९ च्या जुलैमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ठराव करून वकिलांना हे संबोधन सोडायला सांगितलं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. पी. एस. नरसिंह भर सुनावणीत एका ज्येष्ठ वकिलांना म्हणाले, की ‘माय लॉर्ड्स’ म्हणणं थांबवलंत तर माझा अर्धा पगार तुम्हाला देतो. अशी बातमी आली की दोन्ही बाजूंनी तावातावाने मतं मांडली जातात. एक बाजू म्हणते ही साहेबाच्या राज्याची खूण, दुसरी म्हणते हा नुसता रिवाज. या सगळ्यात तो शब्द मुळात काय सांगत होता, हे बघायचं राहून जातं.

ते बघण्यासारखं आहे. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात या शब्दाचा अर्थ होता ‘भाकरीचा राखणदार’. घरातल्या माणसांच्या आणि गड्यांच्या पोटाची जबाबदारी ज्याच्यावर, तो लॉर्ड. पुढे हाच शब्द देवाला लागला, जमीनदाराला लागला, संसदेच्या सभागृहाला लागला, हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयला लागला आणि आपल्या कोर्टांत येऊन मुरला. एवढ्या प्रवासात भाकरी कुठे सांडली, हे समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून जायला हवं.

आधी ‘जुनी इंग्रजी’ म्हणजे काय

शेक्सपिअरची इंग्रजी आपल्याला जुनाट वाटते, पण अभ्यासक तिला जुनी इंग्रजी म्हणत नाहीत. त्यांच्या हिशेबी ती आधुनिक इंग्रजीची सुरुवात आहे. ‘जुनी इंग्रजी’ हे त्याच्याही कितीतरी मागच्या एका टप्प्याचं नाव. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्याकडून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट टोळ्या ब्रिटनमध्ये उतरल्या. त्यांच्या बोलींमधून जी भाषा घडली आणि साधारण ११५० पर्यंत वापरात राहिली, ती जुनी इंग्रजी. तिच्यात मराठीसारखी तीन लिंगं होती, नामांना विभक्ती लागत. आजच्या लंडनकराला ती शिकल्याशिवाय वाचता येत नाही. आपल्याला महाराष्ट्री प्राकृत जितकं परकं वाटतं, जवळपास तितकीच ती त्याला परकी आहे.

शब्दाची फोड

जुन्या इंग्रजीत भाकरीला किंवा पावाला ‘ह्लाफ’ म्हणत. आज इंग्रजीत पावाच्या अख्ख्या लादीला ‘लोफ’ म्हणतात, तो याच शब्दाचा वंशज. गहू, जव, राय, कशाचंही पीठ असो, भाजून काढलेलं ते ह्लाफ. हा शब्द दूरवर फिरला आहे. रशियन भाषेत पावाला ‘ख्लेब’ म्हणतात, तोही जुन्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या कुळातल्या त्या कुळाच्या भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून उसना घेतलेला मानतात.

दुसरा भाग ‘वेआर्द’, म्हणजे राखणारा, पहारेकरी. हा तर आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. मुंबई महापालिकेचा वॉर्ड, हॉस्पिटलमधला वॉर्ड, हे त्याचेच. राखण करणं, मग राखणीखालची जागा, मग शहराचा किंवा इमारतीचा वेगळा केलेला भाग, असा अर्थ सरकत गेला. सोसायटीच्या फाटकावरचा गार्डही याच घराण्यातला. तो फ्रेंचमधून फिरून आला म्हणून त्याचं तोंड ‘ग’ने उघडतं, एवढाच फरक.

ह्लाफ आणि वेआर्द जोडून झाला ‘ह्लाफवेआर्द’. मात्र हे पूर्ण रूप जुन्या इंग्रजीच्या उपलब्ध लेखनात एकदाच सापडतं. बायबलमधल्या स्तोत्रांचं जुन्या इंग्रजीत पद्य भाषांतर झालेलं आहे. त्यात योसेफाबद्दल एक ओळ येते: राजाने त्याला आपल्या घराचा धनी नेमलं. लॅटिन मजकुरात तिथे ‘दोमिनुस’, म्हणजे स्वामी, हा शब्द आहे. भाषांतरकाराने त्याच्या जागी ह्लाफवेआर्द वापरला. बायबलमधला योसेफ ठाऊक असलेल्यांना ही निवड किती चपखल आहे ते लगेच कळेल. मिसरच्या राजाला पडलेल्या स्वप्नाचा अर्थ लावून सात वर्षं सुकाळाची आणि सात दुष्काळाची असतील असं सांगणारा, सुकाळात धान्य साठवणारा आणि दुष्काळात कोठारं उघडणारा तो योसेफ. भाकरीचा राखणदार हे बिरुद त्याच्याइतकं कुणाला शोभावं!

बाकी सगळीकडे आखूड झालेलं रूप दिसतं: ‘ह्लाफोर्द’. दोन स्वरांमधल्या ‘फ’चा उच्चार तेव्हा ‘व्ह’ होई, म्हणजे ऐकायला ते ‘ह्लाव्होर्द’ असं असणार. मग सुरुवातीचा ‘ह’ गळाला, दक्षिण इंग्लंडात लांब ‘आ’चा ‘ऑ’कडे झुकणारा उच्चार झाला, मधला ‘व्ह’ही विरला आणि चौदाव्या शतकापर्यंत आजचा ‘लॉर्ड’ उरला. रोज दळणाच्या जात्याचे टाके जसे बुजत जातात आणि शेवटी दगड गुळगुळीत होतो, तसं या शब्दाचं झालं. डोक्याला असलेला जुना शब्द ‘हेआफोद’ याच वाटेने झिजून आजचा ‘हेड’ झाला, म्हणजे हा काही एकट्या लॉर्डसाठी मानलेला अपवाद नव्हे.

मराठीला ही झीज नवी नाही. ‘देवकुल’ म्हणजे देवाचं घर. ते झिजून ‘देऊळ’ झालं आणि आता देऊळ म्हणताना कुणाला त्यात ‘कुल’ ऐकू येत नाही. ‘राजकुल’चं ‘राऊळ’ झालं, ‘उपाध्याय’चे ‘पाध्ये’ झाले. इंग्रज माणसालाही लॉर्ड म्हणताना त्यातला पाव ऐकू येत नाही.

स्कॉटलंडमध्ये मात्र ‘आ’ वेगळ्या बाजूला वळला आणि तिथे ‘लेअर्ड’ हे रूप टिकलं. स्कॉटिश डोंगराळ भागातल्या जमीनमालकाला आजही लेअर्ड म्हणतात. लॉर्ड आणि लेअर्ड हे सख्खे भाऊ, एका घरात जन्मून दोन गावी वाढलेले.

भाकर राखणारा, तसा भाकर खाणाराही

समजा आपल्याजवळ एवढा एकच शब्द असता, तर ‘भाकरीचा राखणदार’ ही नुसती कल्पना वाटली असती. पण त्याची जोडी आहे, आणि ती कायद्यात नोंदलेली आहे.

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात केंट नावाचं राज्य होतं. तिथला राजा एथेलबर्ट याने इसवी सन ६०० च्या सुमारास कायदे लिहून काढले. इंग्रजी भाषेतला आपल्यापर्यंत पोचलेला हा सर्वांत जुना कायदा. त्याची जी प्रत टिकली ती बाराव्या शतकातली, रॉचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये तयार झालेली. त्यात कुणाला मारलं, कुणाचा दात पाडला, कुणाचं बोट तोडलं तर किती भरपाई द्यायची याचे दर आहेत. एक कलम असं: साध्या स्वतंत्र शेतकऱ्याच्या ‘ह्लाफएता’ला कुणी ठार मारलं तर सहा शिलिंग द्यावेत. ह्लाफएता म्हणजे भाकर खाणारा. घरात राहून, धन्याची भाकर खाऊन काम करणारा गडी.

इथे दोन गोष्टी दिसतात. पहिली, भाकर राखणारा आणि भाकर खाणारा अशी नात्याची दोन्ही टोकं भाषेने भाकरीवरूनच ओळखली होती. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्याच्या घरी हा गडी भाकर खातो तो राजा नाही, सरदार नाही, गावातला शेतकरी आहे. म्हणजे पोशिंदा असण्यासाठी गढी लागत नव्हती. पदरी चार माणसं असली आणि त्यांच्या पोटाची सोय तुमच्याकडे असली की झालं.

याच कायद्यात राजाच्या घरी दळणाऱ्या दासीचाही उल्लेख येतो. तिच्या अंगावर हात टाकणाऱ्याने राजाला पंचवीस शिलिंग भरायचे. राजाची वरच्या दर्जाची दासी असेल तर पन्नास. दळणारीची किंमत निम्मी. पाणचक्क्या सर्रास होण्यापूर्वीच्या त्या काळात घरच्या माणसांना पुरेल एवढं पीठ हाताने दळणं म्हणजे कंबर मोडणारं काम होतं, आणि ते बायकांवर, त्यातही गुलाम बायकांवर पडायचं. लॉर्ड राखत असलेली भाकर ज्यांच्या हातून बनत होती त्यांची ही नोंद आहे. तिच्याकडे डोळेझाक करून त्या काळाचं गोड चित्र रंगवणं बरोबर नाही. भरपाईचे पैसेही तिला मिळत नव्हते, राजाच्या तिजोरीत जात होते.

मराठी वाचकाला हे नातं समजायला वेगळं शिकवावं लागत नाही. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’, ‘खाल्ल्या मिठाला जागणं’, हे सगळं ह्लाफएताचंच जग. संस्कृतातली जोडी तर थक्क करणारी आहे. ‘भृ’ म्हणजे भरण करणं, पोसणं. त्यावरून पोसणारा तो ‘भर्तृ’ आणि ज्याला पोसायचं तो ‘भृत्य’. नोकर राजाला ‘भर्ता’ म्हणत, बायको नवऱ्याला भर्ता म्हणे, आणि आपल्या ओव्यांमधला ‘भ्रतार’ तोच. जुन्या इंग्रजीतही ह्लाफोर्द नवऱ्यासाठी वापरलेला सापडतो. दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात परागंदा झालेल्या नवऱ्यासाठी झुरणाऱ्या बाईची कविता आहे; ती त्याला ‘माझा ह्लाफोर्द’ म्हणते. आपल्याकडे खेड्यात बायका ‘आमचे धनी’ म्हणत, अगदी तसं. या दोन भाषांनी एकमेकींकडून हे घेतलेलं नाही. सत्तेचं नातं पोटावरून ओळखावं, हे दोन्हीकडच्या लोकांना आपापलं सुचलं.

आणि लेडी?

लॉर्ड राखणारा, तर लेडी मळणारी. जुन्या इंग्रजीत तिला ‘ह्लॅफ्दिये’ म्हणत. पहिला भाग तोच ह्लाफ. दुसऱ्या भागाचा संबंध कणीक मळण्याशी लावतात. कणकेच्या गोळ्याला इंग्रजीत ‘डो’ म्हणतात, पिझ्झा करणाऱ्या घरांत हा शब्द आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे; तो याच मुळाचा.

हे मूळ फार दूर पोचलेलं आहे आणि त्याची एक फांदी थेट आपल्या अंगणात आहे. माती किंवा पीठ मळून आकार देणं असा त्याचा मूळ अर्थ. संस्कृतात तेच ‘दिह्’, म्हणजे लिंपणं. त्यावरून ‘देह’. लिंपून, आकार देऊन तयार झालेला तो देह. इराणकडच्या जुन्या अवेस्ता भाषेत याच मुळावरून भिंतीला शब्द झाला. भोवती भिंत घातलेल्या बागेचा शब्द ग्रीकांनी उचलला आणि त्याचं इंग्रजीत ‘पॅरडाइज’ झालं. फारसीतला ‘फिर्दौस’ तोच. मळणारी लेडी, आपला देह आणि स्वर्गाची बाग, तिघांचं गोत्र एक.

‘डेअरी’सुद्धा यातलीच. पीठ मळणाऱ्या, मग एकूणच घरकाम करणाऱ्या बाईला जुन्या इंग्रजीत ‘दॅये’ म्हणत. पुढे हा शब्द दूधदुभतं बघणाऱ्या बाईपुरता राहिला आणि तिच्या कामाच्या जागेला डेअरी हे नाव पडलं. गावातल्या दूध डेअरीच्या पाटीत एक कणीक मळणारी बाई लपलेली आहे.

हे सगळं ओढूनताणून तर नाही ना?

शंका रास्त आहे. शब्दांच्या मनोरंजक गोष्टी मोबाइलवर फिरत असतात आणि त्यातल्या पुष्कळशा खोट्या असतात. शब्दाचं मूळ शोधण्याला व्युत्पत्ती म्हणतात. लोक कानाला भावेल ते मूळ जोडून देतात तेव्हा ती लोकव्युत्पत्ती होते.

आपल्या पावाचंच बघा. पायाने पीठ तुडवतात म्हणून पाव, किंवा एकाचे चार भाग म्हणून पाव, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. खरं मूळ गोव्यात आहे. पोर्तुगीज भाषेत पावाला ‘पांव’च्या जवळ जाणारा शब्द आहे, आणि तो लॅटिनच्या ‘पानिस’वरून आला. पोर्तुगिजांबरोबर ही वस्तू आली, वस्तूबरोबर नाव आलं. गोव्यात सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येणारा ‘पोदेर’ही पोर्तुगीज शब्द घेऊनच आला आहे.

खरी व्युत्पत्ती आणि लोकव्युत्पत्ती वेगळी कशी काढायची? अभ्यासक तीन गोष्टी तपासतात. मधली रूपं लिहिलेली सापडतात का? लॉर्डच्या बाबतीत ह्लाफवेआर्दपासून लॉर्डपर्यंतची पायरी न् पायरी हस्तलिखितांत आहे. उच्चारात जो बदल झाला म्हणता तो त्याच काळात इतर शब्दांतही झाला का? झाला; ‘हेड’चं उदाहरण वर आलंच. आणि अर्थाला त्या समाजात आधार आहे का? ह्लाफएता हा तो आधार. लेडीच्या दुसऱ्या भागाबद्दल पुरावा लॉर्डइतका सलग नाही, तरी मोठ्या कोशांनी मळणारी हाच अर्थ स्वीकारला आहे.

आणखी एक गोष्ट या व्युत्पत्तीला बळ देते. जर्मन, डच या इंग्रजीच्या सख्ख्या बहिणी. पण त्यांच्यात धन्याला भाकरीवरून नाव नाही. जर्मनमधला ‘हेर’ वयाच्या मोठेपणावरून आला. लॅटिनमधला ‘दोमिनुस’ घरावरून. संस्कृतात घराला ‘दम’ म्हणत आणि ‘दंपती’ म्हणजे मुळात घराचा धनी, तसंच ते. भाकरीवरून धनी ही कल्पना इंग्लंडात घडली. आइसलँडच्या भाषेत असाच एक शब्द आहे, पण तो इंग्रजीकडूनच घेतलेला.

भाकरीचा धनी देव कसा झाला

५९७ साली रोमहून पाठवलेले धर्मप्रचारक ऑगस्टीन केंटमध्ये उतरले, वर आलेल्या त्याच एथेलबर्ट राजाच्या दरबारात. ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन आली आणि ‘दोमिनुस’ला, म्हणजे प्रभूला, इथल्या भाषेत काय म्हणायचं हा प्रश्न उभा राहिला. सुरुवातीला ‘द्रिख्तेन’ हा शब्द जास्त चालला. तो योद्ध्यांच्या टोळीच्या नायकाचा. ह्लाफोर्दही सोबतीला होता. काही शतकांत द्रिख्तेन भाषेतून पुसला गेला आणि देवासाठी लॉर्ड एकटा राहिला. लढाईतल्या नायकाची जागा जेवू घालणाऱ्या धन्याने घेतली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण वाटतं.

ख्रिस्ती धर्मात भाकरीला असलेलं स्थान बघता हा शब्द तिथे छान रुजला. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेली आहे. मराठी बायबलमध्ये ती ओळ ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ अशी आहे, वसईपासून अहिल्यानगरपर्यंत चर्चमध्ये ती म्हटली जाते. जुन्या इंग्रजीत त्या जागी ‘ह्लाफ’ हाच शब्द होता. इसवी सन १००० च्या आसपास होऊन गेलेल्या एल्फ्रिक नावाच्या इंग्रज धर्मगुरूने नाताळच्या प्रवचनात बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ सांगितला, तो ‘ह्लाफ-हूस’, भाकरीचं घर. १ ऑगस्टला नव्या गव्हाच्या पिठाचा पाव चर्चमध्ये नेण्याचा सण होता, त्याचंही नाव ‘ह्लाफमॅसे’. आजची इंग्रजी त्याला ‘लॅमस’ म्हणते.

मग हा शब्द सरंजामी कसा झाला?

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली आणि बॅरन, ड्यूक, मार्क्विस असे किताब फ्रेंचमधून आले. पण लॉर्ड आणि लेडी इंग्रजीच राहिले. फक्त आता ते वरच्या माणसांना लागू लागले. ज्याच्या ताब्यात गाव तो त्या गावाचा लॉर्ड. कुळांनी त्याच्या शेतावर राबायचं, पुष्कळ ठिकाणी दळण त्याच्याच गिरणीत न्यायचं आणि दळणाचा वाटा त्याला द्यायचा. भाकर राखणाऱ्याच्या नावाने आता भाकरीतला हिस्सा वसूल होत होता. जमीन आणि लॉर्ड हे दोन शब्द जोडून झालेला ‘लँडलॉर्ड’ आज मुंबई-पुण्यातला प्रत्येक भाडेकरू ओळखतो.

चौदाव्या शतकात इंग्लंडच्या संसदेची दोन सभागृहं झाली आणि वरचं पुढे ‘हाऊस ऑफ लॉर्ड्स’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. सरदार आणि बिशप त्यात बसत. बापाची खुर्ची मुलाला, ही पद्धत शतकानुशतकं चालली. १९५८ मध्ये हयातीपुरते लॉर्ड नेमायचा कायदा झाला, तेव्हा प्रथम स्त्रियांना तिथे जागा मिळाली. १९९९ मध्ये वंशपरंपरेने बसणाऱ्यांपैकी ९२ ठेवून बाकीच्यांना घरी पाठवलं, आणि उरलेल्यांचीही जागा काढून घेणारं विधेयक २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मांडलं गेलं. या सभागृहात बसलेले पहिले भारतीय सत्येंद्र प्रसन्न सिन्हा. १९१९ मध्ये ते लॉर्ड सिन्हा झाले.

लाटसाहेब आणि कंपनी सरकार

आपल्याकडे हा शब्द इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आला आणि लोकांच्या तोंडी ‘लाट’ झाला. गव्हर्नर जनरल म्हणजे बडा लाट, सरसेनापती म्हणजे जंगी लाट. ‘तू काय लाटसाहेब लागून गेलास?’ हे वाक्य मराठी घरांत अजून ऐकू येतं. त्यातल्या ‘साहेब’चं मूळही बघण्यासारखं आहे: अरबीत ‘साहिब’ म्हणजे आधी सोबती, नंतर मालक.

लोक सगळ्याच मोठ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना लाट म्हणत, पण सगळे काही किताबाचे लॉर्ड नव्हते. एल्फिन्स्टन या नावात हा गोंधळ हटकून होतो. १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते स्वतः लॉर्ड नव्हते. एका लॉर्डचे धाकटे चिरंजीव होते. त्यांच्याच घराण्यातले जॉन एल्फिन्स्टन मात्र लॉर्ड होते आणि १८५३ ते १८६० मध्ये गव्हर्नर होते. एल्फिन्स्टन रोड स्टेशनला नाव होतं ते यांचं. २०१८ मध्ये त्या स्टेशनचं प्रभादेवी झालं.

ज्या कंपनीच्या नावाने हे राज्य सुरू झालं, तिच्याही नावात भाकरी आहे. ‘कंपनी’ हा शब्द लॅटिनच्या ‘सोबत’ आणि ‘पानिस’ या दोन शब्दांपासून निघाला. एका ताटात भाकर खाणारे सोबती ते कंपनी. आपल्या वडापावातला पाव आणि ‘कंपनी सरकार’मधली कंपनी एकाच पानिसच्या लेकी, एक पोर्तुगिजांबरोबर आली, दुसरी इंग्रजांबरोबर. या देशाने कंपनीच्या राज्यात १७७० चा बंगालचा दुष्काळ पाहिला, लाखो माणसं अन्नावाचून मेली. शब्दांच्या पोटात भाकर असली म्हणून ती माणसांच्या पोटात जातेच असं नाही, आणि हे मी फार गांभीर्याने लिहीत आहे.

क्रिकेटच्या लॉर्ड्सचं काय?

त्याचा सरदारकीशी संबंध नाही. टॉमस लॉर्ड नावाच्या खेळाडूने १७८७ मध्ये लंडनमध्ये मैदान सुरू केलं. आजच्या जागी ते १८१४ पासून आहे. मैदानाचं नाव म्हणजे त्याचं आडनाव. दिलीप वेंगसरकर यांनी तिथे १९७९, १९८२ आणि १९८६ अशी लागोपाठच्या तीन दौऱ्यांत कसोटी शतकं ठोकली, तेव्हापासून मराठी माणसाला हे नाव घरचंच झालं. पालघरच्या शार्दुल ठाकूरला चाहत्यांनी कौतुकाने लावलेला ‘लॉर्ड’ मात्र किताबातलाच.

मग न्यायमूर्तींना काय म्हणायचं?

इथे एक मोठा आक्षेप येतो. शब्दाचा मूळ अर्थ इतका चांगला असेल, तर ‘माय लॉर्ड’ म्हणायला हरकत काय? माझं मत असं, की मूळ अर्थावरून आजचा वाद सोडवता येत नाही. शब्दाचा अर्थ तो वापरणारे आणि ऐकणारे ठरवतात. वकील ‘माय लॉर्ड’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात भाकर नसते आणि न्यायमूर्तींच्याही नसते. त्यांच्या मनात इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयांची रीत असते, जी इंग्रजी अंमलात बॅरिस्टरांबरोबर इथे आली. इंग्लंडमध्ये तर २००९ मध्ये स्वतंत्र सर्वोच्च न्यायालय होईपर्यंत अपिलाचं शेवटचं ठिकाण हाऊस ऑफ लॉर्ड्सच होतं. त्यामुळे तिथे या संबोधनाला निदान धागा आहे. प्रजासत्ताकात नागरिकाने न्यायाधीशाला ‘माझे धनी’ म्हणण्याला तसा आधार मला दिसत नाही. न्यायाधीश कुणाला पोसत नाही, आणि पक्षकार त्याची भाकर खात नाही. न्याय हा पक्षकाराचा हक्क आहे.

दुसरी बाजू अशी, की हे संबोधन गुलामगिरीतून जन्मलं असं म्हणणंही चूक आहे. ते घरातल्या पोटापाण्यातून जन्मलं आणि नंतर वर चढलं.

नियम काय सांगतो, हे शेवटी बघून ठेवू, कारण अनेकांना वाटतं की ‘माय लॉर्ड’ म्हटलं नाही तर कोर्टाचा अवमान होतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्ये वकिलांसाठीच्या नियमांत भर घातली. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांत ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ म्हणावं. खालच्या न्यायालयांत आणि न्यायाधिकरणांत ‘सर’ किंवा त्या भागातल्या भाषेतला त्याच अर्थाचा शब्द चालेल. ‘माय लॉर्ड’ आणि ‘युवर लॉर्डशिप’ हे वसाहतकाळाचे अवशेष आहेत, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. २०१४ च्या जानेवारीत हा विषय सर्वोच्च न्यायालयात आला. खंडपीठावर न्या. एच. एल. दत्तू आणि पुढे सरन्यायाधीश झालेले नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. हे संबोधन सक्तीचं आहे असं आम्ही कधी म्हटलं, असा प्रश्न करून त्यांनी सांगितलं, की न्यायालयाला आदराने संबोधावं, एवढीच अपेक्षा आहे. तेव्हा जिल्हा न्यायालयात उभं राहून मराठीत ‘साहेब’ म्हणणारा पक्षकार नियमाला धरूनच बोलत असतो.